बटरहेड लेट्युस : पेरणीची घाई नको, गारव्याची वाट पाहा

बटरहेड हा लेट्युसचा, म्हणजे सॅलडच्या पालेभाजीचा, मऊ पानांचा सैल गड्डा धरणारा प्रकार. लेट्युस उगवलं नाही की दोष बियाण्याला दिला जातो. पुष्कळदा बी चांगलं असतं, माती तापलेली असते. मातीचं तापमान २५ अंशांच्या वर गेलं की हे बी भरपूर ओल मिळूनही निजून राहतं. १५ ते २० अंशांत मात्र आठवड्याच्या आत कोंब वर येतात. म्हणून रात्री चांगल्या गार पडू लागल्या की मगच पेरणी करा.

दिवसा अजून ऊन तापत असेल तर एक उपाय आहे. बी ओल्या कागदी रुमालात गुंडाळा, डबीत घालून फ्रिजमध्ये दीड-दोन दिवस ठेवा आणि संध्याकाळी पेरा. रोपांचा ट्रे सावलीत ठेवा.

दुसरी चूक खोल पेरण्याची. बी इतकं बारीक असतं की चिमटीत शंभरेक सहज मावतं, आणि बऱ्याच वाणांच्या बियांना उगवायला उजेड लागतो. भुसभुशीत, ओल्या मातीवर बी टाकून बोटाने हलकं दाबा, वरून चाळलेल्या गांडूळखताचा जेमतेम थर द्या. झारीने पाणी घातलं तर बी वाहून एका कोपऱ्यात जमतं. पहिला आठवडा फवारणीच बरी. कोंब दिसले की ट्रे लगेच भरपूर उजेडात आणा, नाहीतर रोपं उंच, फिकी आणि लुळी होतात. दाटी झाली तर जादा रोपं उपटू नका, शेजारच्या रोपाची मुळं हलतात. कात्रीने कापा. दाटी आणि सततची ओल यांमुळे रोपं बुडाशी सडून कोलमडतात.

तीन-चार आठवड्यांत चार-पाच पानं आली की संध्याकाळी लागण करा. दोन रोपांत २० ते २५ सेंटिमीटर अंतर हवं, कारण बटरहेडला सैल गड्डा धरायला जागा लागते. रोपाचा मधला कोंब मातीत दाबला जाऊ देऊ नका. तिथे माती साचली की गड्डा आतून कुजतो.

मुळं उथळ असतात, त्यामुळे पाणी थोडं पण नियमित द्या, शक्यतो सकाळी आणि बुडाशी. एकदा कोरडं, एकदा चिखल असं झालं की आतल्या कोवळ्या पानांपर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही आणि त्यांच्या कडा तपकिरी पडतात. वाळल्या पाचोळ्याचं आच्छादन इथे फार उपयोगी पडतं. मावा पानांच्या मागे आणि गड्ड्याच्या आत लपतो, तेव्हा दर दोन-तीन दिवसांनी पानं उलटून बघाच. सुरुवातीला पाण्याचा जोरदार फवारा पुरतो.

एकदम सगळं बी पेरू नका. दर दोन आठवड्यांनी थोडं-थोडं पेरलं तर गारवा असेपर्यंत पानं मिळत राहतात.

पेरणीपासून साधारण ५५ ते ७० दिवसांत गड्डा तयार होतो. हाताने दाबून बघा: मऊ, पण भरलेला लागला की पहाटे कापा, तेव्हा पानं सर्वांत कुरकुरीत असतात. आणखी मोठा होईल म्हणून थांबू नका. गड्ड्याचा मधला भाग टोकदार होऊन वर सरकू लागला की फुलाचा दांडा सुटतोय. पांढरा चीक वाढून पानं कडू होतात, त्याआधी, त्याच दिवशी काढून घ्या.