पात्राचा आवाज खोटा वाटतोय? या चुका टाळा

पात्र उभं राहत नाही अशी तक्रार आली की बहुतेक कलाकार आधी गळ्याकडे वळतात. आवाज जरा घोगरा करू, पट्टी चढवू, एखादी लकब घालू. लेखकही वेगळं करत नाही. पात्र फिकं वाटलं की त्याच्या तोंडी एक पालुपद देतो आणि दर पानावर ते वाजवत राहतो. हे पात्र कोणाशी बोलतंय, त्याला समोरच्याकडून काय हवंय आणि काय लपवायचंय, एवढं पक्कं झालं की निम्मा आवाज तिथेच सापडतो. ते न ठरवता बोलायला किंवा लिहायला बसलं की पुढच्या बहुतेक चुका होतात.

घसा आवळून ‘आवाज काढणं’

लक्षण ओळखायला सोपं आहे. थोड्याच वेळात घसा खवखवतो, आणि पात्र एका वाक्यात म्हातारं तर दुसऱ्यात तरुण वाटतं. घोगरेपणा आणण्यासाठी आपण स्वरतंतूंच्या वरचा भाग आवळतो. त्याने आवाज खरखरीत होतो खरा, पण चढउतारासाठी जागाच उरत नाही. मग राग, लाडीगोडी, भीती, सगळं एकाच खरखरीतून येतं.

गळा मोकळा सोडा आणि बाकीचं बदला. जबडा किती उघडतोय, ओठ किती हलतात, जीभ पुढे आहे की मागे, बोलण्याचा वेग काय, श्वास वाक्याच्या आधी घेतलाय की मधेच तुटतोय. ‘बसा ना, उभे का?’ एवढंच वाक्य घ्या. जबडा जवळजवळ मिटलेला ठेवून सावकाश म्हणा, समोरच्याला जोखणारा माणूस ऐकू येईल. ओठ पुढे काढून घाईघाईत म्हणा, तर पाहुण्यांच्या येण्याने गडबडलेला यजमान. पट्टी दोन्ही वेळा तीच होती, घशावर ताणही आला नाही.

मूल म्हणजे चढी पट्टी, म्हातारा म्हणजे थरथर

अभिवाचनात आणि ऑडिओबुकात ही चूक फार होते. बोलताना पुरुषाचा स्वर साधारण १०० ते १३० हर्ट्झच्या आसपास असतो, स्त्रीचा २०० च्या आसपास आणि लहान मुलाचा त्याहून वर. म्हणून पट्टी चढवली की काम झालं असं वाटतं. पण कान फक्त पट्टी ऐकत नाही. स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची पोकळी प्रौढ पुरुषात सुमारे १७ सेंटीमीटर असते, स्त्रीमध्ये त्याहून कमी आणि मुलात आणखी कमी. आवाजाचा रंग त्या लांबीवर ठरतो. पुरुषाने नुसती पट्टी चढवली तर स्त्री ऐकू येत नाही, स्त्रीची टिंगल ऐकू येते. त्यापेक्षा आवाजातला भार कमी करा, उच्चार हलके ठेवा आणि पात्राच्या विचाराचा वेग पकडा.

मुलाचा श्वास लहान असतो. ‘आणि मग… आणि मग’ करत तो भलत्याच जागी संपतो. म्हातारपणातही बऱ्याचदा श्वासच आखूड होतो, बुद्धी तल्लख असू शकते. वाक्य मधे तुटतं, पण विचार सरळ पुढे जातो. प्रत्येक आजोबाला थरथरता आवाज देणं हा त्या वयाचा अपमानच आहे असं मी मानतो.

समोरचा माणूस किती लांब आहे ते विसरणं

भरताच्या नाट्यशास्त्रात वाचिक, म्हणजे बोलण्यातून होणाऱ्या, अभिनयासाठी आवाजाची तीन स्थानं सांगितली आहेत: उर, कंठ आणि शिर. शेजारच्याशी बोलताना उर, फार लांब नसलेल्याशी कंठ आणि दूरच्या माणसाला शिर. माइकसमोर बसलेला कलाकार नेमकं हेच विसरतो. डोळ्यांपुढे माइक असतो, म्हणून सगळी पात्रं एक वीत अंतरावरून कुजबुजल्यासारखी बोलतात. अंगणातून माडीवर हाक मारणारी बाईसुद्धा.

वाक्य म्हणण्याआधी ऐकणारा कुठे उभा आहे ते ठरवा आणि नजर तिथे टाका. माइकपासूनचं अंतर मात्र शक्यतो बदलू नका. बहुतेक स्टुडिओ माइक एका दिशेने जास्त ऐकतात, आणि अशा माइकच्या फार जवळ गेलात की आवाजातला खर्ज वाढतो. मग तेच पात्र दुसरंच वाटायला लागतं. ओरडायचं असेल तेव्हा थोडं मागे सरकणं ठीक. ‘फ’ आणि ‘भ’ला हवेचा धक्का बसत असेल तर माइक तोंडाच्या रेषेतून किंचित बाजूला घ्या.

प्रत्येक वाक्य एकाच सुरावर खाली टेकवणं

नाट्यशास्त्रातच काकूचे, म्हणजे अर्थ सुचवणाऱ्या स्वराच्या चढउताराचे, दोन प्रकार आहेत, साकांक्ष आणि निराकांक्ष. अर्थ अजून अपुरा आहे असा स्वर, आणि अर्थ पूर्ण झाला असा स्वर. वाचून बोलणारा कलाकार पूर्णविराम दिसला की स्वर खाली आणतो. कागदावरचं वाक्य संपलेलं असतं, पण पात्राला उत्तर हवं असतं, तेव्हा त्याचं बोलणं उघडंच राहायला हवं. ‘मी उद्या निघतोय.’ हे ठरलेलं सांगणं आहे की थांबवून घेण्याची आस? शेवटचा स्वर ते सांगतो. तालमीत संहितेवरचे सगळे पूर्णविराम खोडून पाहा.

सगळी पात्रं लेखकाच्याच तोंडून बोलणं

ही चूक कलाकार दुरुस्त करू शकत नाही. तपासायचं असेल तर संवादांपुढची नावं झाका आणि मोठ्याने वाचा. कोण बोलतंय ते कळत नसेल तर काम लेखनातच आहे. एक मुलगी वडिलांना म्हणते, “बाबा, तुम्ही मला न विचारता घर विकलंत याचं मला फार वाईट वाटलं. माझ्या सगळ्या आठवणी तिथे होत्या.” इथे भावनेची माहिती मिळाली, माणूस भेटला नाही. आता हे पाहा.

“किल्ली कुठंय?”
“कसली?”
“बाबा.”
“अगं, दिली ना त्यांना. परवाच.”
“माझं कपाट उघडलंत?”

घेणाऱ्याचं नाव बाबा घेत नाहीत, ‘त्यांना’ म्हणतात. ‘परवाच’ शेवटी चिकटवलंय, आणि त्याआधी श्वास अडकायला जागा आहे. मुलगी रागावले असं म्हणत नाही, ती कपाटाचं विचारते. कलाकाराला यात करण्यासारखं काहीतरी मिळतं. ‘ती संतापून म्हणाली’ लिहिण्याची गरजही मग पडत नाही.

बोलीचंही असंच. दर शब्दाचं लेखन मोडून बोली दाखवली की वाचक अडखळतो. दोनतीन खुणा निवडा, एखादं क्रियापदाचं रूप, एखादं संबोधन, वाक्यातला शब्दांचा क्रम, आणि त्या शेवटपर्यंत सांभाळा. कोण कोणाला ‘तू’ म्हणतं, कोण ‘तुम्ही’ आणि ते कधी बदलतं, यातून नातं जितकं ऐकू येतं तितकं विशेषणांतून येत नाही. आणि कृपा करून बोली फक्त नोकराला आणि विनोदी पात्राला देऊ नका. त्याच बोलीत माणसं शोक करतात, वाद घालतात, हिशेब तपासतात.

दुसऱ्या दिवशी पात्र हरवणं

काल सापडलेला आवाज आज लागत नाही, कारण तो फक्त कानाने लक्षात ठेवलेला असतो. प्रत्येक पात्राचं एक ठरावीक वाक्य रेकॉर्ड करून ठेवा आणि सोबत शरीराची नोंद लिहा: खांदे पुढे, हनुवटी वर, श्वास आखूड. शरीर तसं ठेवलंत की आवाज लवकर परततो. पुस्तक वाचणार असाल तर रेकॉर्डिंगआधी ते पूर्ण वाचा. शेवटच्या प्रकरणात लेखकाने ‘त्याचा नेहमीचा बायकी आवाज’ असं लिहिलेलं निघालं तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

किंकाळ्या, भांडणं, रडणं दिवसाच्या शेवटी ठेवा. पाणी रेकॉर्डिंगच्या कितीतरी आधीपासून प्या, कारण घोट थेट स्वरतंतूंवर जात नाही, अन्ननलिकेत जातो. आवाज बसला तर कुजबुजून वेळ मारून नेऊ नका, त्यानेही ताण येऊ शकतो. गप्प राहा. तीन आठवड्यांत आवाज मोकळा झाला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.