रंगनक्षीचा पट: घरी कसा करावा, कसा खेळावा

दोन फासे टाकायचे, पडलेल्या दानाप्रमाणे सामाईक पटावर रंगीत सोंगट्या मांडायच्या आणि हातातल्या पत्त्यावरची नक्षी पटावर जुळली की गुण घ्यायचे, एवढाच हा खेळ. दोन ते चार जण खेळू शकतात.

तयारी

जाड पुठ्ठ्याचा २० सेंमीचा चौरस कापा आणि त्यावर ४ सेंमीची २५ घरं आखा. सोंगट्या ३२ लागतील: लाल, पिवळ्या, निळ्या आणि काळ्या, प्रत्येकी ८. त्यांचा व्यास ३ सेंमीपेक्षा जास्त नको, नाहीतर एक उचलताना शेजारची सरकते आणि ती कुठल्या घरात होती यावरून वाद सुरू होतो. हिरवा रंग मुद्दामच टाळला आहे. काहींना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही.

फासे नेहमीचे १६ मिमीचे चालतील. प्रत्येक बाजूवर १२ मिमीची गोल चिकटपट्टी लावा. चार बाजू चार रंगांच्या, पाचवीवर चांदणी, सहावीवर बाण. चिकटपट्टी कडेबाहेर आली तर फासा तिरका बसतो आणि दोन-चार डावांत ती सुटूही लागते.

चांदणी म्हणजे हवा तो रंग. ती गाळावीशी वाटेल, पण गाळू नका. दोन फाशांच्या ३६ दानांपैकी हवा असलेला रंग फक्त ११ दानांत मिळतो. चांदणी धरली तर २० दानांत. तिच्याविना लहान मुलं लवकर कंटाळतात.

नक्षीचे पत्ते २४ करा: तीन सोंगट्यांचे १४ (१ गुण), चारचे ८ (२ गुण), पाचचे २ (३ गुण). पाचचे जास्त केलेत तर डाव रेंगाळतो, कारण तुमची नक्षी पुरी होईपर्यंत बाकीचे तिच्यातली सोंगटी हलवून मोकळे झालेले असतात.

खेळ

१. प्रत्येकाला दोन पत्ते वाटा. ते इतरांना दाखवायचे नाहीत.

२. पाळी आली की दोन्ही फासे टाका. रंग पडला तर त्या रंगाची सोंगटी कुठल्याही रिकाम्या घरात ठेवा. बाण पडला तर पटावरची कोणतीही एक सोंगटी शेजारच्या रिकाम्या घरात सरकवा, तिरकी नाही. आधीच्या खेळाडूने नुकतीच सरकवलेली सोंगटी लगेच परत जागेवर नेता येणार नाही.

३. आपल्या पाळीत नक्षी जुळलेली दिसली की पत्ता उघडा, गुण घ्या, नक्षीतल्या सोंगट्या उचलून ढिगात टाका आणि नवा पत्ता घ्या. ती दुसऱ्याच्या खेळीने जुळली असली तरी चालेल. मात्र आपली पाळी येईपर्यंत ती टिकायला हवी.

आधी ७ गुण करेल तो जिंकला. पट भरला तर ज्याची पाळी असेल त्याने कोणत्याही चार सोंगट्या काढाव्यात. ढिगातला एखादा रंग संपला तर पटावरचीच त्या रंगाची सोंगटी उचलून दुसरीकडे ठेवा. जमिनीवर पडलेलं किंवा कलतं दान बाद. बुटांच्या खोक्याच्या झाकणात फासे टाकले की हा प्रश्न बराच मिटतो.

भांडण होतं ते इथे

नक्षी फिरवलेली चालते, उलटलेली नाही. समजा पत्त्यावर कोपऱ्यात लाल, तिच्या उजवीकडे निळी आणि खाली पिवळी आहे. पत्ता पाव वळसा उजवीकडे फिरवला की लालच्या खाली निळी आणि डावीकडे पिवळी येते, हे मान्य. पण पटावर लालच्या उजवीकडे पिवळी आणि खाली निळी असेल तर ती आरशातली नक्षी झाली. पत्ता कितीही फिरवला तरी जुळणार नाही. मोठी माणसंही इथे फसतात, म्हणून तोंडी वाद न घालता पत्ता पटाशेजारी टेबलावर सपाट ठेवून फिरवून बघा. जुळवायला तो पालथा करावा लागत असेल तर गुण नाही.

पहिला डाव फक्त तीन सोंगट्यांच्या पत्त्यांनी, ४ गुणांपर्यंत खेळा. पाच-सहा वर्षांच्या मुलांना एकच पत्ता द्या आणि तो उघडा ठेवू द्या. आरशातली नक्षीही त्यांच्यापुरती चालवून घ्या, पण हे डाव सुरू होण्याआधी सगळ्यांना सांगा. मध्येच सूट दिली की थोरली भावंडं रडीचा डाव म्हणून उठून जातात.