बहावा, साग, हिरडा : पेरण्याआधी बियांची सुप्तावस्था मोडा

बहावा फुलावर आला की त्याच झाडावर गेल्या वर्षीच्या काळ्या, हातभर लांब शेंगाही लटकत असतात. रोपं करायची असतील तर त्या आत्ताच, पावसाआधी काढा. भोकं पडलेल्या शेंगा घेऊ नका. आतलं बी किड्यांनी पोखरलेलं असतं. शेंग फोडून गर पाण्यात चोळून धुवा आणि बी सावलीत वाळवा. गर रेचक आहे, तेव्हा हे काम लहान मुलांपासून दूर करा.

हे चकचकीत तपकिरी बी तसंच पेरलं तर बरंचसं महिनोन्‌महिने मातीत नुसतं पडून राहतं. आतला गर्भ जिवंत असतो, पण कडक टरफल पाणी आत शिरू देत नाही. जंगलात कोल्हे, अस्वलं, माकडं गरासाठी शेंगा खातात आणि त्यांच्या विष्ठेतलं बी पुढे रुजतं. रोपवाटिकेत ते टरफल आपल्यालाच सैल करावं लागतं.

शे-दोनशे बिया असतील तर माझा आग्रह कानशीचाच. जिथे बी शेंगेला चिकटलेलं होतं ते टोक सोडा, कारण कोवळं मूळ तिथूनच निघतं. समोरच्या कडेला कानस किंवा पॉलिश पेपर इतकाच घासा, की आतला फिकट भाग जेमतेम दिसेल. मग रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. सकाळी फुगलेल्या बिया पेरायला घ्या. न फुगलेल्या पुन्हा घासा.

बी जास्त असेल तर पाणी उकळून भांडं चुलीवरून उतरवा, मगच त्यात बी टाका आणि रात्रभर तसंच निवू द्या. चुलीवर बी उकळू नका, मरतं. या रीतीत उगवण थोडी मागेपुढे होते. मोठ्या रोपवाटिका तीव्र गंधकाम्ल वापरतात. घरी किंवा शेतावर ते आणूच नका. हात-डोळे जाण्याइतकं हे काम निकडीचं नाही.

बी सेंटीमीटरभर खोल पेरा. बहाव्याचं सोटमूळ लवकर खाली जातं, म्हणून पिशवी उंच घ्या. रोप याच पावसात लावायची घाई करू नका. वर्षभर वाढवून पुढच्या जूनमध्ये लावा.

सागाची फळं रात्री पाण्यात आणि दिवसा कडक उन्हात, असं दोन आठवडे करा. ताज्यापेक्षा वर्षभर जुनं बी बरं उगवतं. हिरड्याचा गर काढून बाठ्याचं रुंद टोक आतल्या गर्भाला धक्का न लावता छाटा आणि 36 तास थंड पाण्यात ठेवा.

कडुनिंब आणि जांभूळ यांच्यावर मात्र यातलं काहीही करू नका. जांभळाचं बी वाळलं की मरतं, निंबोळीचं दोन-तीन आठवड्यांत निकामी होऊ लागतं. पिकलेल्या निंबोळ्या पडू लागल्या की गर धुऊन त्याच आठवड्यात पेरा.