इम्प्रोची पुस्तकं वाटताना या चुका टाळा

आमच्या रविवारच्या इम्प्रो (म्हणजे संहितेशिवाय, जागेवर सुचेल तसं नाटक करायचं) ग्रुपचं पुस्तकांचं एक लोखंडी कपाट आहे. त्याची किल्ली सात वर्षं माझ्याकडे आहे. त्यामुळे पुस्तकं कशी वाया जातात हे मला चांगलंच ठाऊक झालंय.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे नव्या माणसानं "काय वाचू?" विचारलं रे विचारलं की ग्रुपवर यादी ओतायची.

गेल्या पावसाळ्यात एक मुलगी आली. पहिल्याच दिवशी छान खेळली. घाबरली होती, पण समोरच्याचं ऐकत होती. घरी जाऊन तिनं व्हॉट्सॲपवर विचारलं आणि रात्री दहापर्यंत तेरा नावं पडली. (निम्म्यांनी ती स्वतः कधी नेलेलीच नव्हती, वही माझ्याकडे असते.) तिनं निवडलं यूसीबी (अपराइट सिटिझन्स ब्रिगेड) या अमेरिकन इम्प्रो मंडळींचं 2013 चं मॅन्युअल. त्यात सगळा भर 'गेम'वर, म्हणजे सीनमधली विचित्र गोष्ट हेरायची आणि तीच वाढवत न्यायची. पुस्तक उत्तम, पण वर्षभर खेळलेल्यांसाठी.

पुढच्या रविवारी सीन होता स्वारगेट स्टँडवरचा. समोरचा म्हणाला, "सुमे, डबा घरीच राहिला गं." ही नुसती स्वतःच्या पिशवीत डोकावली असती तरी सीन पुढे सरकला असता. ही गप्प. नजर छताकडे, ओठ हलतायत, आवाज नाही. नंतर विचारलं तर म्हणे, "यात विचित्र काय, ते शोधत होते." आणखी दोन रविवार आली, मग दिसली नाही.

तेव्हापासून पहिले सहा रविवार मी कुणाला पुस्तकच देत नाही. चिडतात. चिडू देत. सहा रविवार धीर नसलेला माणूस पुस्तकही विसाव्या पानावर सोडतो. त्यानंतर देते ते कीथ जॉनस्टन या नाट्यदिग्दर्शकाचं 'इम्प्रो' (1979), तेही फक्त 'स्टेटस'चं प्रकरण वाचायच्या अटीवर. लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहात नटांना साध्या गप्पा खऱ्या वाटतील अशा करता येईनात, तिथून त्याला हे सापडलं. कोण वरचढ, कोण दबून, हे बँकेच्या खिडकीशीसुद्धा दिसतं, त्यामुळे वाचलेलं सोमवारीच पडताळता येतं. मुखवट्यांचं प्रकरण मात्र घरी एकट्यानं करून बघायला देऊ नका.

दुसरी डोकेदुखी, पानाचा फोटो. व्हायोला स्पोलिन या अमेरिकन नाट्यशिक्षिकेचं 1963 चं पुस्तक याला हमखास बळी पडतं, कारण त्यात दोनशेच्या वर खेळ आहेत आणि आमच्या लोकांना वाटतं ते पाककृतींचं पुस्तक आहे. शिकागोत मुलांबरोबर काम करताना बाईंनी हे खेळ रचले आणि प्रत्येकात लक्ष नेमकं कशावर ठेवायचं ते लिहिलं. फोटोत नेमकी तीच ओळ कापली जाते. मग 'आरशा'च्या खेळात दोघं एकमेकांना चकवायला बघतात. पटकन हात वर, पटकन खाली, हशा! अहो, समोरच्याला फसवायचं नाहीये, त्याचं हुबेहूब प्रतिबिंब व्हायचंय. मी एका कार्डावर एकच खेळ मराठीत लिहून देते आणि लक्ष ठेवायची गोष्ट लाल पेनानं.

पीडीएफ फिरवू नका. चोरी तर आहेच, वर कुणी उघडतही नाही.

जुन्या नाटकवाल्यांना "हे परदेशी तंत्र आहे" असं सांगून पुस्तक देऊ नका. दशावतारात नट लिखित संहितेशिवाय जागेवर संवाद रचतात, व्यावसायिक नाटकात ॲडिशन घेणारे, म्हणजे संहितेत नसलेली वाक्यं जागेवर टाकणारे, पिढ्यान् पिढ्या आहेत. आमच्याकडचे कुडाळचे एक काका हे ऐकून पुस्तक तसंच परत ठेवून गेले होते.

उधारीचं म्हणाल तर "तुझं झालं की आण" हे वाक्य तोंडातून काढूच नका. माझी पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली 'इम्प्रो'ची प्रत अशीच गेली. तीन हात फिरली आणि तिघांनीही दुसऱ्याकडे बोट दाखवलं. आता दोनशे पानी वही आहे. त्यात नाव, तारीख, परतीची तारीख लिहायची, आणि मित्राला परस्पर द्यायचं नाही. परत देताना त्यातला एक खेळ रविवारी सगळ्यांकडून करून घ्यायचा. न वाचता आणणारा तिथे दोन मिनिटांत उघडा पडतो. एकानं तर खेळ टाळायला पुस्तक वॉचमनकडे ठेवून पळ काढला. पुस्तक मिळालं, मी दंडही माफ केला.