बाळ येण्याआधी घर बदलायचं का? आधी माणसं मोजा

पाचवा महिना लागला की घरात हमखास विषय निघतो, आता वन बीएचकेत कसं भागायचं. खरं तर तान्ह्या बाळाला जागा फारशी लागत नाही. पहिले सहा महिने ते अंगावर पितं आणि आईजवळच झोपतं. पाळणा मावेल एवढा कोपरा आणि लंगोट-दुपटी वाळत घालायला दोरी, एवढ्यावर त्याचं भागतं. रांगायला लागेपर्यंत त्याची 'वेगळी खोली' म्हणजे सुटकेस आणि इस्त्रीच्या कपड्यांचं गोदाम.

जागा लागते ती बाळासाठी येणाऱ्या माणसांना. म्हणून घरं बघायला सुरुवात करण्याआधी एक कागद घ्या आणि कोण येणार, किती दिवस राहणार, कुठे झोपणार हे लिहा. आई सव्वा महिना, मग सासू-सासरे दोन महिने, मालीशवाली बाई रोज सकाळी तासभर, असं काहीतरी निघेल. सासरे हॉलमध्ये झोपणार असतील आणि स्वयंपाकघर हॉलच्या पलीकडे असेल, तर रात्री दोन वाजता पाणी गरम करायला उठणाऱ्या बाळंतिणीला त्यांच्या पायाशी वळसा घालून जावं लागेल. हे महिना-दोन महिन्यांपुरतंच असेल तर फोल्डिंग पलंग आणि जाड पडदा पुरतो. सासूबाई पुढे बाळाला सांभाळायला कायमच राहणार असतील, तर मात्र दुसरी खोली हवी, आणि तेव्हा घर बदलण्याला अर्थ आहे.

खोल्यांपेक्षा सबळ कारणं वेगळीच असतात. लिफ्ट नसलेला तिसरा-चौथा मजला हे पहिलं. सिझेरियन झालं तर साधारण सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नका असं सांगतात, आणि लस, तपासणी यांसाठी जिने चढ-उतर तर करावीच लागते. भिंतीला लोणा लागलेली, ओल धरलेली बेडरूम हे दुसरं. उन्हाळ्यात टँकरवर चालणारी सोसायटी हे तिसरं, कारण बाळाचं धुणं दिवसातून दोनदा निघतं. यातलं एकही लागू नसेल आणि कारण फक्त 'जरा मोठं घर' एवढंच असेल, तर वर्षभर थांबा.

पहिलं बाळंतपण माहेरी होणार असेल तर हिशोब आणखी बदलतो. डोहाळजेवण झाल्यावर ती गेली की परत येईपर्यंत चार-पाच महिने जातात. आधीच मोठं घर घेतलं तर तेवढं वाढीव भाडं रिकाम्या खोलीचं. ती माहेरी असताना नवऱ्याने शिफ्टिंग उरकायचं, हा बेत चांगला आहे, पण घर तिने जाण्याआधी स्वतः पाहून पसंत केलेलं हवं. ताबा पुढे ढकलला जातो, सुतार येत नाही, आणि दोन महिन्यांचं बाळ खोक्यांच्या ढिगात येऊन पडतं, असं बऱ्याच घरांत होतं. तिच्या परतीच्या तारखेआधी तीन आठवडे घर लागलेलं असेल, अशीच तारीख धरा. बिल्डरने सांगितलेल्या ताब्याच्या तारखेवर बाळंतपणाचं गणित बसवू नका. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला परवानगी देणारा सरकारी दाखला, हातात आलं की मगच.

पैशांचं एक उदाहरण घ्या. आताचं भाडं २४,०००, नव्या घराचं ३२,०००. तीन महिन्यांचं डिपॉझिट म्हणजे ९६,०००. जुनं डिपॉझिट घर रिकामं केल्यावरच परत मिळतं, म्हणजे काही दिवस दोन्ही रकमा अडकतात. एक महिन्याचं ब्रोकरेज ३२,०००. दोन्ही घरांची तारीख जुळत नाही, म्हणून पंधरा दिवसांचं दुहेरी भाडं १२,०००. टेम्पो, हमाल, इलेक्ट्रिशियन मिळून १५,००० धरा. लीव्ह अँड लायसन्स कराराची, म्हणजे भाड्याच्या घराच्या कराराची, नोंदणी कायद्याने सक्तीची आहे. या रकमांवर ११ महिन्यांसाठी मुद्रांक शुल्क ९०० रुपयांच्या आसपास, महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००, वर एजंटचे पैसे. डिपॉझिट सोडलं तरी साठ हजारांच्या वर परत न येणारा खर्च होतो. त्यावर दरमहा ८,००० जास्त, म्हणजे ११ महिन्यांचे ८८,०००. नोकरी करणाऱ्या आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा मिळते. त्यानंतर बिनपगारी रजा वाढवायचा विचार असेल, तर हेच ८८,००० त्या महिन्यांत कामी येतील.

जुन्या कराराचं लॉक-इन कलमही वाचा, म्हणजे ठरलेले महिने घर सोडायचं नाही असं सांगणारं कलम. लॉक-इन संपायच्या आत घर सोडलं तर डिपॉझिटमधून पैसे कापले जाऊ शकतात. नेमका उलट पेचही पडतो, करार आठव्या महिन्यात संपतो आणि मालक म्हणतो, घर हवंय. म्हणून पाचव्या महिन्यातच कराराची शेवटची तारीख काढून मालकाशी बोला आणि मुदतवाढ लेखी घ्या. थोडं भाडं वाढवून आहे तिथेच राहणं त्या वेळी स्वस्त पडतं.

बदलायचं ठरलं तर १४ ते २८ आठवडे हा काळ बरा. त्याआधी उलट्या आणि थकवा असतो, नंतर पोट अवघडतं. २८ ते ३४ आठवड्यांत करायचं तर तिने खुर्चीत बसून खोक्यांवर नावं लिहायची, माळ्याला किंवा स्टुलाला हात लावायचा नाही. ३६ आठवड्यांनंतर नकोच. वेळ निघून गेली असेल तर बाळाचे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे डोस होऊ द्या, मग हलवा.

घर दोनदा बघा. एकदा पावसाळ्यात किंवा पाऊस होऊन गेल्यावर: बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर खाली, फरशीपासून हातभर उंचीवर तळवा ठेवा. नवा रंग डाग लपवतो, पण गारवा लपवत नाही. दुसऱ्यांदा कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला जा आणि तिथून प्रसूतिगृहापर्यंत गाडीने जाऊन वेळ मोजा. रविवारी सकाळी जे अंतर पंधरा मिनिटांचं वाटतं, ते तेव्हा पन्नासचं होतं. मे महिन्यात किती टँकर येतात आणि वीज गेली की लिफ्ट जनरेटरवर चालते का, हे ब्रोकरला नव्हे, वॉचमनला विचारा.

मालक बहुतेक वेळा किल्ली द्यायच्या आदल्या दिवशी रंग मारून देतात. रंग झाल्यावर निदान पंधरा दिवस खिडक्या उघड्या ठेवता येतील, अशी राहायला जायची तारीख ठरवा. जुन्या इमारतीत पोपडे खरवडायचे असतील तर ती त्या वेळी तिथे नको. जुन्या रंगांत शिसं असू शकतं आणि घासताना त्याची धूळ उडते. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ पासून लागू झाली. पेस्ट कंट्रोलही सामान येण्याआधी, रिकाम्या घरातच उरका. आणि शेक-शेगडीची प्रथा पाळणार असाल तर बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

डॉक्टर बदलावे लागणार असतील तर घराआधी डॉक्टर ठरवा. शेवटच्या दीड-दोन महिन्यांत नवीन पेशंटचं नाव घ्यायला बरीच प्रसूतिगृहं नाखूश असतात. फाइलमध्ये रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, एचआयव्ही आणि हेपटायटिस बीचे रिपोर्ट, सगळ्या सोनोग्राफी (विशेषतः १८ ते २० आठवड्यांची) आणि माता-बाल संरक्षण कार्ड हवं. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर २८ आठवड्यांच्या सुमारास अँटी-डीचं इंजेक्शन असतं, बाळाचा रक्तगट पॉझिटिव्ह निघाला तर त्रास होऊ नये म्हणून. शिफ्टिंगच्या धावपळीत ते राहून जातं. आरोग्य विमा असेल तर नवं हॉस्पिटल कॅशलेस यादीत आहे का ते फोन करून विचारा.

जन्माची नोंद २१ दिवसांत, जिथे जन्म झाला त्या ठिकाणच्या कार्यालयात होते. हॉस्पिटलचा फॉर्म भरताना पत्ता कोणता लिहायचा, हे आधीच ठरवून ठेवा.

शिफ्टिंगच्या दिवशी फाइल आणि दागिने टेम्पोत नाही, स्वतःच्या पिशवीत. एका खोक्यावर लाल पेनाने 'पहिली रात्र' लिहा: चादरी, तिच्या गोळ्या, चहाचं सामान, टॉवेल, चार्जर, टॉर्च. गॅसचा पत्ता आठवडाभर आधीच बदलून घ्या. सामान उतरल्यावर आधी पलंग जोडायचा, मग शेगडी, मग गीझर. टीव्ही आणि शोकेसची खोकी महिनाभर बंद राहिली तरी चालतं.