बदकाच्या पिल्लांचे फेंगडे पाय: पट्टी बांधण्याआधी दुखणं ओळखा

पिल्लं निघायचा हंगाम सुरू झाला की बहुतेक बॅचमध्ये एखाद-दुसरं पिल्लू असं दिसतं, की उभं राहायला जातं आणि फतकल मारून बसतं. ते बघून लगेच पट्टी शोधायला धावू नका. पाय फाकणं, पाय वाकणं, सांध्यावरची शीर (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) सरकणं आणि बोटं आत वळणं ही चार वेगळी दुखणी आहेत. एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही, आणि हातात दिवस थोडे असतात.

अंड्यातून निघाल्यावर पहिले काही तास सगळीच पिल्लं अडखळतात, तेव्हा अंग वाळेपर्यंत थांबा. मग पिल्लू पोटाखालून तळहातावर घ्या आणि पाय मोकळे लोंबू द्या. दोन्ही पाय एकमेकांशी ताडून बघा. पायाच्या मधोमध मागे वळणारा मोठा सांधा, म्हणजे घोटा, अंगठ्याने हलकेच चाचपा: गरम लागतो का, फुगलाय का, मागची शीर जागेवर आहे का? त्यानंतर पिल्लू गोणपाटावर सोडून चाल बघा.

पाय दोन्हीकडे फाकले असतील, पण सांधे थंड आणि सारखे असतील, तर दोष बहुधा जमिनीचा. वर्तमानपत्र, प्लास्टिक, पत्र्याचा ट्रे यांवर पाय घसरतात आणि तसेच फाकलेले राहतात. इथे पट्टी उपयोगी पडते. अंगाला न चिकटणाऱ्या लवचिक बँडेजची साधारण १ सेंटिमीटर रुंद पट्टी घ्या, घोट्याच्या खाली दोन्ही पायांना सैलसर वेढा द्या आणि पाय अंगाच्या बरोबर खाली येतील इतकं अंतर मध्ये ठेवा. पाय एकमेकांना चिकटवून बांधले तर पिल्लू तोंडावर आपटतं. पंजा सुजला किंवा निळसर झाला तर पट्टी घट्ट आहे, लगेच सोडा. एरवी रोज सोडून बघा, कारण पिल्लू भराभर वाढतं आणि कालची सैल पट्टी आज आवळते. दोन-तीन दिवसांत बहुतेक पिल्लं सावरतात. पट्टी असेपर्यंत पाण्याच्या भांड्यात खडे टाका, नाहीतर तोल जाऊन पिल्लू बुडतं. मात्र चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल इतकं पाणी हवंच.

काही दिवसांनी पाय धनुष्यासारखे वाकू लागले, घोटे फुगले आणि पिल्लू चालायला कुरकुर करू लागलं, तर संशय खाद्यावर घ्या. बदकाच्या पिल्लाला किलोभर खाद्यामागे सुमारे ५५ मिलिग्रॅम नायसिन (बी-३ जीवनसत्त्व) लागतं. कोंबडीच्या पिल्लाची गरज बरीच कमी, त्यामुळे कोंबडीच्या पिल्लांचं तयार खाद्य (स्टार्टर) घातलं की ही कसर राहू शकते. मक्यात नायसिन असतं, पण बरंचसं असं बांधलेलं की पिल्लाच्या अंगी लागत नाही. नुसत्या मक्याच्या भरड्यावर पोसलेल्या पिल्लांचे पाय म्हणूनच लवकर जातात. उपाय सोपा आहे: खाद्यात ५ ते ७ टक्के ब्रूअर्स यीस्ट (बिअर बनवताना उरणारं, वाळवलेलं निर्जीव यीस्ट) मिसळा, म्हणजे किलोला ५० ते ७० ग्रॅम. पाव फुगवायचं जिवंत यीस्ट मात्र नको. यीस्ट मिळालं नाही तर लिटरभर पाण्यात साधारण १०० मिलिग्रॅम नायसिन विरघळवा आणि पाणी रोज बदला. एका पिल्लात लक्षण दिसलं की डोस सगळ्या बॅचला द्या, बाकीचीही तेच खाद्य खाताहेत. नुकतंच वाकू लागलेलं पिल्लू काही दिवसांत फरक दाखवतं. हाड वाकून पक्कं झालं असेल, तर ते सरळ होईल या आशेवर राहू नका.

सगळ्यात घाईचं दुखणं शीर सरकण्याचं. एकच घोटा सुजतो, पाय बाजूला पिळल्यासारखा दिसतो, घोट्याची मागची बाजू सपाट लागते आणि शीर दोरीसारखी कडेला हाताला लागते. पाय हळूच मागे ताणून ती अंगठ्याने खाचेत बसवता येते, पण हे पहिल्या एक-दोन दिवसांतच, आणि जमल्यास पशुवैद्यकाकडूनच. पुन्हा सरकण्याची शक्यता असतेच. खाद्यात मँगनीज हे खनिज किंवा कोलीन हे पोषक द्रव्य कमी पडलं तरी हे होतं, तेव्हा मिनरल मिक्स्चर तपासा.

आत वळलेल्या बोटांना पुठ्ठ्याच्या छोट्या तळव्यावर सरळ पसरून चिकटपट्टी लावा, आणि खाद्यात रायबोफ्लेविन (बी-२ जीवनसत्त्व) पुरेसं आहे ना ते बघा.

कोमट पाण्यात काही मिनिटं पोहू दिलं की अंगाचा भार न पडता पाय हलतात. पण उबवणी यंत्रात निघालेल्या पिल्लाच्या पिसांना आईचं तेल लागलेलं नसतं, ते चिंब भिजतं. समोरून हलू नका, आणि बाहेर काढताच पुसून उबेखाली ठेवा. आजारी पिल्लू एकटं कोंडू नका, एक शांत जोडीदार सोबत द्या. एकटं पिल्लू ओरडून ओरडूनच थकतं.

लंगडण्याबरोबर डोळ्यांतून पाणी, हिरवट हगवण, मान थरथरणं, किंवा मान मागे टाकून पाय झाडणं दिसलं तर हे पायाचं दुखणं नव्हे. तो संसर्ग असू शकतो. पिल्लं वेगळी करा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवा. दमट हवेत बुरशी लागलेला मका किंवा पेंडही पिल्लांना लंगडं करते, पाय जांभळट पडतात आणि पिल्लं मरतात. बदकांना हे बुरशीचं विष फार बाधतं. वास कुबट आला की पोतं फेका, उन्हात वाळवून वापरायचा मोह नको.

पुढच्या बॅचसाठी उबवणी यंत्राचं तापमान ३७.५ अंश सेल्सिअसवर स्थिर ठेवा. साधी बदकं २८ दिवसांत, मस्कोव्ही जातीची ३५ दिवसांत निघतात. सगळी बॅच लवकर निघून पायात कमजोर असेल, तर थर्मामीटर आधी तपासा. हॅचरच्या (अंडी फुटायच्या वेळी ठेवतात त्या कप्प्याच्या) ट्रेमध्ये खरखरीत कापड किंवा जाळी अंथरा. अंड्यांवर जोडीचा क्रमांक पेन्सिलने घाला. फेंगडी पिल्लं पुन्हा पुन्हा एकाच जोडीची निघत असतील, तर त्या जोडीची अंडी उबवायला ठेवू नका. खाद्यामुळे किंवा घसरून फेंगडं झालेलं पिल्लू बरं झालं तर कळपात राहू द्या. शीर सरकलेलं मात्र पैदाशीला नको, ते खायच्या अंड्यांपुरतंच ठेवा.