जुनी सायकल मिळाली? थांबा, आधी रंग मारू नका

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात अजून जुन्या इंग्लिश सायकली निघतात, पण दुकानात नाही, घराच्या माळ्यावर नाहीतर गोठ्याच्या पडवीत. भंगारवाल्याच्या आधी पोचायला लागतंय. आणि गेल्या गेल्या किंमत विचारू नका, आधी सायकल कुणाची, कुठनं आणली ते ऐकून घ्या, आजींना पटलं तरच ती दारातनं बाहेर येते.

पुढचा बॅज बघून हुरळू नका, बॅज काय, उचलून कुठल्याही सायकलीवर बसवता येतो. खुणा दुसरीकडं शोधा. रॅले कंपनीच्या चेनव्हीलमध्ये, म्हणजे पायडलजवळच्या दातेरी चक्रात, बगळ्याची डोकी असतात, रज कंपनीच्या चेनव्हीलमध्ये हाताचा पंजा, हंबर कंपनीचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, दुहेरी नळ्यांचा, आणि बीएसए मुळात बंदुका करणारी कंपनी म्हणून तिची खूण तीन बंदुकांची. रॅलेवर नॉटिंगहॅम लिहिलंय की आसनसोल तेपण बघा, कारण सेन-रॅले आपल्या देशातच बनायची, ती काय वाईट नाही, पण तिला इंग्लंडचा भाव कशाला द्यायचा? थ्री स्पीड, म्हणजे तीन गिअरची असेल तर मागच्या चाकाच्या मधल्या स्टर्मी-आर्चर कंपनीच्या हबवर बऱ्याचदा साल ठोकलेलं असतंय, ५२ म्हणजे १९५२. तो अंदाज समजा, चाक नंतर बदललेलं असू शकतंय.

हेडच्या, म्हणजे हँडल बसतं त्या पुढच्या उभ्या नळीच्या, मागं खालच्या नळीचा रंग सुरकुतलाय का ते बोट फिरवून बघा. सुरकुती म्हणजे गाडी कुठंतरी समोरनं धडकलेली हाय. गंज चालेल, वाकडी फ्रेम नको.

आता रंगाचं. पेंटर म्हणणार, द्या की, नवी कोरी करून देतो. देऊ नका! मूळ काळा रंग आणि त्यावरच्या सोनेरी रेषा एकदा गेल्या की गेल्या, आणि माझ्या मते ओरखडे असलेली मूळ सायकल चकचकीत रंगवलेलीपेक्षा कधीही भारी. मऊ फडकं, थोडं साबणाचं पाणी, मग कारची वॅक्स पॉलिश, बस्स. रेषांवर जोर लावू नका. क्रोमचा गंज पाण्यात भिजवलेल्या अॅल्युमिनियम फॉईलनं हळूहळू घासला की निघतोय.

खरी परीक्षा कॉटर पिनची, म्हणजे पायडलचा दांडा (क्रँक) आसाला पक्का धरणाऱ्या खिळीची. आदल्या रात्री डिझेल नाहीतर गंज सोडवायचं तेल सोडून ठेवा. नट पूर्ण काढू नका, पिनच्या टोकाशी सपाट येईल एवढा सैल करा म्हणजे आटे वाचतील, मग क्रँकच्या खाली जाड लोखंडी नळीचा भक्कम आधार द्या, पिनचं बूड नळीच्या पोकळीवर, आणि एकच नेमका ठोका. आधार नसताना ठोकत बसलात तर पिन वाकते आणि छर्ऱ्यांच्या कपांवर खुणा पडतात. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पायडलचा आस फिरतो त्या जागेच्या, उजव्या बाजूच्या कपाचेपण, त्यामुळं निघत नाही म्हणून उगाच पान्ह्याला लोंबकळू नका. रॅलेच्या ब्रॅकेटला इंचाला २६ आटे असतात, बाजारातला नेहमीचा कप २४ चा, तो जबरदस्तीनं बसवला की फ्रेमच खराब. सुटा भाग नाहीच मिळाला तर आपल्याकडं बेळगावात उद्यमबागेची कारखान्यांची वसाहत हाय की, जुना तुकडा नमुन्याला घेऊन लेथवाल्याकडं जावा.

छर्रे सगळे बदला, स्वस्त असतात. ब्रॅकेटला आणि मागच्या हबला पाव इंची, पुढच्या हबला ३/१६. थ्री स्पीड हबमध्ये मात्र ग्रीस कोंबू नका, कवचावरच्या झाकणातनं पातळ तेल सोडा.

चामड्याची ब्रूक्स सीट असेल तर तिला इंजिन ऑइल नको, चामडं ढिलं पडून झोळी होते. चामड्याचं क्रीम पातळ लावा, सावलीत वाळवा.

टायरची चिंता नको, २८ × १½ चा टायर आपल्या साध्या काळ्या सायकलींना अजून लागतोच, त्यामुळं गावातल्या दुकानातसुद्धा मिळतोय. दांड्यांच्या ब्रेकचे रबरपण तसेच. आणि मडगार्डला जुना म्युनसिपाल्टीचा टॅक्सचा बिल्ला असेल तर तो काढू नका, उलट पावसाळ्याआधी त्याच्या मागच्या बाजूला तेलाचं बोट फिरवा, खानापूरकडच्या पावसात गंज तिथनंच सुरू होतोय.